अंतर मोजणारा राजा

राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र आपण कोल्हापूरकर तारखांनी लक्षात ठेवतो. २६ जून हा जन्मदिवस, ६ मे हा स्मृतिदिन, २६ जुलै हा आरक्षणाच्या जाहीरनाम्याचा दिवस. शाळेतल्या मुलांना या तारखा तोंडपाठ असतात. त्या त्या दिवशी दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतात, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण आपल्या कामाला लागतो. तारखांना नावे ठेवायचे कारण नाही. पण प्रत्येक तारखेच्या पाठीशी एक जागाही असते आणि ती मात्र विस्मरणात जाते. अमुक गोष्ट केव्हा झाली हे आपण विचारतो. ती तिथेच का झाली, दोन कोस अलीकडे किंवा पलीकडे का नाही, हे विचारीत नाही. महाराजांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिक बोलका आहे, असे माझे मत गेल्या वर्षभरात पक्के होत गेले आहे.

त्याला निमित्त झाले संगणकावरच्या नकाशाचे. माझी भाची पुण्यात एका कंपनीत आकडेवारीचे काम करते. बँकेतून निवृत्त झालेल्या मावशीला कादंबऱ्यांखेरीज आणखी काही उद्योग असावा, या हेतूने तिने मला नकाशे काढायला शिकवले. टॅब्लो, पॉवर बीआय, क्यूजीआयएस अशी या सॉफ्टवेअरची नावे आहेत. नावांनी बिचकण्याचे कारण नाही. आपण खतावणीत जसे रकाने आखतो तसा एक तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात घटना, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात साल, चौथ्यात प्रकार: शाळा, वसतिगृह, बाजार, धरण, परिषद. गावांचे अक्षांश-रेखांश भरले, की तक्त्यातली प्रत्येक ओळ नकाशावर एक ठिपका होऊन उमटते.

शाळेच्या भिंतीवर टांगलेला नकाशा आपल्याला त्याच्या मर्जीने हवे तेवढेच सांगतो. या नकाशाला मात्र प्रश्न विचारता येतात. ठिपक्यावर बोट नेले की त्याची माहिती उघडते. फक्त शाळा दाखव म्हटले की बाकीचे ठिपके बाजूला होतात. खाली वर्षांची एक पट्टी असते. तिच्यावरची खूण १८७४ पासून १९२२ पर्यंत सरकवत नेली, की एकेक ठिपका उगवत जातो आणि एका माणसाचे आयुष्य जमिनीवर पसरताना दिसते. मी महाराजांच्या आयुष्यातल्या सत्तरएक नोंदी अशा मांडल्या. त्या नकाशाच्या आधाराने हे चरित्र सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

बावड्यापासून धारवाडपर्यंत

पहिला ठिपका कसबा बावड्याचा. तिथल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. वडील जयसिंगराव, आई राधाबाई. आई अगदी लहानपणी गेली. वयाची बारा वर्षे पुरी होण्याआधी वडीलही गेले. मधल्या काळात, १७ मार्च १८८४ रोजी, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक म्हणून त्यांची निवड झाली आणि कागलकर घाटग्यांचा मुलगा शाहू छत्रपती झाला.

यानंतरचे ठिपके नकाशाबाहेर पडतात. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षण, नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली राज्यकारभाराचे धडे, आणि हिंदुस्थानभर दौरे. आजच्या भाषेत सांगायचे तर पोरक्या वयाचा हा मुलगा सतत होस्टेलमध्ये आणि प्रवासात वाढला. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पुढे त्यांनी वसतिगृहांचा जो ध्यास घेतला, त्याचे मूळ मी या दूरच्या दोन ठिपक्यांत पाहते. हा माझा कादंबरीकाराचा तर्क आहे, पण नकाशा पाहताना तो मनात आल्यावाचून राहत नाही.

२ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. वय अजून वीसही नव्हते. हातात आलेले संस्थान सुमारे नऊ लाख वस्तीचे. आज आपण कोल्हापूर म्हटले की जिल्ह्याची आकृती डोळ्यांपुढे आणतो. महाराजांचे कोल्हापूर तसे सलग नव्हते. मध्ये जहागिऱ्या होत्या, शेजारी सांगली-मिरजेची संस्थाने होती, आणि आज कर्नाटकात असलेले रायबाग त्या वेळी करवीर दरबाराचे होते. आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर महाराजांचे काम मांडायला बसले, तर रायबागचा ठिपका सीमेपलीकडे एकटा पडलेला दिसतो. नकाशा जुना असो की संगणकातला, त्याच्या खाली कोणती सीमा आखली आहे हे आधी पाहावे लागते.

स्टेशनाच्या शेजारी बाजार

गादीवर आल्यानंतरचा पहिला मोठा ठिपका शाहूपुरीचा, १८९५ सालचा. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती. स्टेशन जुन्या शहराच्या पूर्वेला, उघड्या जागेत. जुनी पेठ अंबाबाईच्या देवळाभोवती, अरुंद गल्ल्यांत. गुळाच्या गाड्या त्या गल्ल्यांतून काढून स्टेशनापर्यंत न्यायच्या, म्हणजे बैलांचाही जीव जाई आणि शेतकऱ्याचाही. महाराजांनी स्टेशनाच्या लगत नवी पेठ वसवली, व्यापाऱ्यांना जागा दिल्या. कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले त्यात उसाचा आणि गुळव्यांच्या हाताचा वाटा आहेच; पण गुळाची ढेप आणि आगगाडीचा डबा यांतले अंतर कमी करण्याचाही आहे. पुढे गुळाचा व्यापार मार्केट यार्डात गेला. त्या यार्डालाही शाहूंचेच नाव आहे.

याच रेल्वेवर, मिरजेच्या अलीकडे, १९१७ च्या सुमारास त्यांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. नकाशा जवळ आणून पाहिला, तर हे गाव आसपासच्या गावांपेक्षा अगदी वेगळे दिसते. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. पत्ते सांगतानाही तिथले लोक गल्ली नंबर सांगतात. गाव वसण्याआधी कोणीतरी कागदावर रेघा मारल्या होत्या, हे उपग्रहाच्या छायाचित्रातही कळते.

पण हा राजा सुरुवातीपासून सुखाचे नकाशे आखत बसला होता असे नाही. गादीवर येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली, कामे काढली गेली, आणि कामावर येणाऱ्या बायकांची लहान मुले सांभाळण्याचीही व्यवस्था झाली. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. काम दोन मैलांवर आहे एवढे पुरत नाही. काखेत मूल असलेल्या बाईला ते दोन मैल किती लांब पडतात, याचा विचार त्यात आहे.

साथीच्या रोगात जागा किती महत्त्वाची, याचे जगप्रसिद्ध उदाहरण लंडनचे. १८५४ च्या पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांच्या खुणा नकाशावर केल्या. खुणांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दिसली आणि पाण्यातून रोग पसरतो या त्यांच्या म्हणण्याला बळ मिळाले. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. आज संगणकावर ज्याला स्थानविश्लेषण म्हणतात, त्याचे हे आद्य उदाहरण मानतात. म्हणजे यंत्र नवे आहे, पण गोष्ट कुठे घडते यावरून ती का घडते याकडे जाण्याची वाट जुनीच आहे.

एका ठिपक्यातली वसतिगृहे

वर्षांची पट्टी पुढे सरकवली की पंचगंगेच्या घाटावर एक ठिपका येतो. १८९९ सालच्या कार्तिकस्नानाच्या वेळी महाराजांच्या लक्षात आणून देण्यात आले, की त्यांच्यासाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, कारण पुरोहिताच्या लेखी छत्रपतीही शूद्रच. वेदोक्ताचे ते प्रकरण पुढे काही वर्षे गाजले. छत्रपतींची ही स्थिती, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय, हा प्रश्न महाराजांनी स्वतःपुरता ठेवला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

यानंतर कोल्हापूर शहरावरचा ठिपका फुगू लागतो. नकाशा लांबून पाहिला तर तिथे एकच मोठा गोळा दिसतो आणि त्यात एक आकडा. जवळ जाऊ तसा तो गोळा फुटतो, आणि त्यातून एकेक वसतिगृह वेगळे होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह, शिवाय लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी मालिकाच. दसरा चौकात उभे राहिले तर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायतांचे बोर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. रोज त्या चौकातून जाणाऱ्या आपल्याला ते दिसतही नाही. इतक्या निरनिराळ्या समाजांच्या मुलांची निवासस्थाने इतकी शेजारीशेजारी, आणि तीही संस्थानच्या राजधानीच्या ऐन मध्यावर!

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद पोसला, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही कोणी करतात. त्याआधी एकच सामाईक वसतिगृह काढण्याचा प्रयोग झाला होता. व्यवहारात तो एका वर्गापुरताच उरला. तेव्हा त्यांनी वाट बदलली. ज्या मुलाच्या घरी शिक्षणाची परंपरा नाही, त्याला शहरात पहिल्या रात्री पाठ टेकायला कोणाचे तरी घर हवे. ते घर त्याच्या समाजाच्या माणसांनी चालवावे, दरबाराने जमीन आणि पैसा द्यावा, असा तो मार्ग होता. शाळा-कॉलेज मात्र एकच. रात्री वेगवेगळ्या छपराखाली झोपणारी मुले सकाळी एकाच वर्गाकडे निघत. शाहूवाडीचा, गडहिंग्लजचा, भुदरगडचा मुलगा आणि राजाराम कॉलेज यांच्यातले अंतर मिटवायचे, तर कॉलेज डोंगरात नेता येत नव्हते; मुलाला शहरात आणणे शक्य होते. तेच त्यांनी केले.

आता एक अडचण सांगते. महाराजांच्या सगळ्यात दूरगामी निर्णयाला नकाशावर जागाच सापडत नाही. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, हा हुकूम २६ जुलै १९०२ चा. तो करवीर दरबाराच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला तेव्हा महाराज सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. ठिपका द्यायचा कुठे? लंडनला, की कोल्हापूरच्या कचेरीला? खरे म्हणजे तो निर्णय कोणत्याही गावाचा नव्हता. ते आकड्यांचे काम होते. महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते. १९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या जागा ९५ झाल्या आणि त्यांत त्या जातीचे ३५ उरले. हे कळायला नकाशा नको, साधा तक्ता पुरतो. नकाशा हाती आला म्हणून सगळेच नकाशावर मांडायचा हट्ट धरू नये, हे भाचीनेही मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पाऊस तिकडे, तहान इकडे

मात्र काही गोष्टी अशा असतात, की नकाशावाचून त्या समजतच नाहीत. पाणी ही त्यांतली पहिली.

आपल्या जिल्ह्याच्या पावसाचे आकडे घेऊन तालुक्यांना रंग द्यायला सांगितले, की पश्चिमेची कड गडद निळी होते आणि पूर्वेकडे रंग फिका पडत जातो. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. शिरोळला जेमतेम पाचशे. एका जिल्ह्यात हा दहापटींचा फरक. पाऊस डोंगरात, आणि काळी सपाट जमीन नेमकी पूर्वेला. हे आपल्याला पडद्यावर क्षणात दिसते. महाराजांना ते घोड्यावर बसून, शिकारीच्या निमित्ताने रानोमाळ हिंडून, आणि रयतेत मिसळून कळले होते. दुष्काळाने ते मनावर कोरले होते. १९०२ च्या सुमारास त्यांनी पाटबंधाऱ्यांकडे स्वतंत्र लक्ष दिले, त्यासाठी अधिकारी नेमला आणि गावोगावच्या विहिरी-तलावांची पाहणी करवली. आधी मोजणी, मग आखणी, मग काम, हा त्यांचा क्रम होता.

त्यातून दाजीपूरच्या रानाजवळ भोगावती नदीवर मोठे धरण बांधायचे ठरले. १९०८ मध्ये तिथे नवे गाव वसले. कन्या राधाबाईंच्या नावावरून ते राधानगरी, आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव. १९०९ मध्ये काम सुरू झाले. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, रस्त्यांची धड सोय नसलेल्या मुलखात एका लहान संस्थानाने असे धरण हाती घेणे हे धाडसच होते. संगणकावर पावसाचा थर, त्यावर उंचसखल जमिनीचा थर, त्यावर नद्यांचा आणि शेवटी गावांचा थर असे एकावर एक ठेवले, की ही जागा का निवडली ते आपोआप उलगडते. वर मुबलक पाऊस, बांध घालता येईल अशी दरी, आणि खाली नदीच्या काठाने थेट पूर्वेपर्यंत पसरलेली गावे. पाणी नेण्यासाठी निराळा कालवा खणण्यापेक्षा नदीलाच कालवा करायचा. पुढच्या काळात भोगावती-पंचगंगेवर जागोजाग बंधारे झाले. लाकडी बरगे घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यात ते काढून घ्यायचे. महाराष्ट्रभर ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून ओळखले जातात.

पैशाच्या ओढीने आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या अडचणींमुळे धरणाचे काम अपुरे राहिले. महाराजांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकात ते पुरे झाले. आज तिथे ८.३६ टीएमसी पाणी साठते, आणि पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की अख्खे कोल्हापूर पंचगंगेकडे डोळे लावून बसते. माझ्या नकाशात मी या ठिपक्याला दोन साले दिली नाहीत. एक लांब रेघ दिली. काही कामे करणाऱ्याच्या आयुष्याहून लांब असतात.

वर्तुळ आणि वाट

१९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. तो काळ असा, की रुपयाला मोल होते. पण दंडापेक्षा मला त्या योजनेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पाचशे ते हजार वस्तीच्या गावांत शाळा काढायची, असे धोरण होते. म्हणजे सक्ती आधी सरकारवर, मग पालकावर. शाळा गावात आणून ठेवल्याखेरीज मूल का आले नाही हे विचारण्याचा अधिकार दरबाराला नाही, असाच त्याचा अर्थ मी लावते. मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीला पहिली शाळा उघडली. चिखली हे नाव संगणकाला नुसते सांगून भागत नाही. महाराष्ट्रात चिखल्या पुष्कळ, बुलढाण्यात तर मोठे शहरच आहे. जिल्हा आणि तालुका सांगितला नाही, तर शाहू महाराजांची शाळा विदर्भात जाऊन बसायची.

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. कोणत्याही ठिपक्याभोवती हवे तेवढ्या अंतराचे वर्तुळ काढता येते आणि त्यात किती घरे, किती वाड्या येतात ते मोजता येते. बँका आपल्या शाखा, कंपन्या आपली दुकाने आणि सरकार आपल्या सोयी याच पद्धतीने तपासते. बँकेतल्या नोकरीमुळे मला या वर्तुळांची जुनी ओळख आहे. १९८९ मध्ये सेवाक्षेत्र पद्धत आली आणि ग्रामीण शाखांना साधारण पंधरा ते पंचवीस गावे नेमून देण्यात आली. तेव्हा मी पश्चिमेकडच्या एका डोंगराळ भागात होते. शाखेच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा आणि त्यात रंगीत टाचण्या. नकाशावर एक वाडी शाखेपासून बोटभर अंतरावर होती. पण मध्ये ओढा. पावसाळ्याचे चार महिने तिथल्या बायकांना बचतीचे पैसे भरायला डोंगराला वळसा घालून यावे लागे, आणि त्यात त्यांचा निम्मा दिवस मोडे. टाचणीला ओढा दिसत नाही.

संगणकातल्या वर्तुळालाही तो दिसत नाही. वर्तुळ पक्ष्याच्या वाटेने अंतर मोजते, आणि माणूस पायवाटेने चालतो. म्हणूनच जाणकार मंडळी नुसते वर्तुळ काढत नाहीत. रस्त्यांचा आणि पायवाटांचा थर घालून पंधरा मिनिटांत, अर्ध्या तासात चालत कुठपर्यंत पोचता येते, त्याचा पट्टा काढतात. तो पट्टा कधीच गोल नसतो. माळावर तो पसरतो, आणि घाटात आक्रसून बोटाएवढा होतो.

कपाएवढे अंतर

नकाशा कितीही जवळ आणला तरी काही अंतरे त्याला सापडत नाहीत. एकाच शाळेच्या आवारात एक मूल वर्गात आणि दुसरे बाहेर बसत असे. दोघांचे अक्षांश-रेखांश एकच. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घ्यावे, हा हुकूम महाराजांनी १९१९ मध्ये काढला. नकाशावर त्याचा परिणाम पाहिला तर ठिपके कमी झालेले दिसतात. ठिपके कमी झाले म्हणजे काम मागे गेले, असे न पाहणाऱ्याने समजावे! पण त्या वेळी ठिपका पुसणे हीच प्रगती होती.

गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे. राजवाड्यावर नोकरीला असताना सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगून मदत दिली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचे सत्यसुधारक हॉटेल सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी त्या दारात थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. हे हॉटेल कुठे होते ते नकाशावर पाहावे. एखाद्या कोपऱ्यात, वस्तीच्या आड नव्हे. शहराच्या ऐन रहदारीच्या रस्त्यावर. कोपऱ्यात दान करता येते. ज्या गोष्टीने लोकांची मने बदलायची, ती मात्र लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच करावी लागते.

पुढच्या वर्षी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. महाराज स्वतः तिथे गेले आणि या समाजाला त्याचा स्वतःचा पुढारी मिळाला आहे, असे सर्वांसमक्ष सांगितले. राजाने दरबारात बोलावून मान द्यायचा ही रीत. इथे राजाच उठून खेड्यात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात नागपूरच्या परिषदेला ते अध्यक्ष म्हणून गेले. आदल्या वर्षी, १९१९ मध्ये, दूर कानपूरला कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली होती. शेवटच्या तीन वर्षांत ठिपके असे झपाट्याने संस्थानाबाहेर पसरतात, आणि त्याच वेळी प्रकृती खालावत जाते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. वर्षांची पट्टी तिथे संपते.

नकाशा मात्र संपत नाही. आजच्या शाळांचा थर त्यावर घातला की तो आपल्या दारात येऊन उभा राहतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. दुसरीकडे २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याचे धोरण पुढे आले. त्यावर मोठा वाद झाला. चार मुलांसाठी एक शिक्षक परवडत नाही, आणि चार मुलांत मूल खेळायला, बोलायला शिकत नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. बँकेत वर्षानुवर्षे ताळेबंद पाहिलेल्या माझ्यासारखीला ते उडवून लावता येणार नाही. पण शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतल्या वाड्या आणि धनगरवाडे पटाच्या यादीत आकडा म्हणून येतात, वाट म्हणून येत नाहीत. जवळची शाळा म्हणजे कोणाच्या जवळची? जुलै महिन्यात, सहा वर्षांच्या मुलीच्या पायांनी, ओढ्याला पाणी असताना?

आज हे तपासणे अवघड राहिलेले नाही. गावाच्या नकाशावर चालण्याचा पट्टा काढायला एक संध्याकाळ पुरते. क्यूजीआयएस तर फुकट मिळते, आणि कॉलेजातली मुले ते आठवड्यात शिकतात. शाळा हलवण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला पटाच्या आकड्याबरोबर पावसाळ्यातल्या वाटेचा असा एक नकाशा जोडावा, आणि प्रस्तावावर सही करणाऱ्याने एकदा ती वाट त्या मुलांबरोबर चालून यावे. यापेक्षा मोठी मागणी नाही. शाहू महाराजांकडे यातले कोणतेही यंत्र नव्हते. ते घोड्यावरून, खडखड्यातून आणि पायी हिंडले, माणसांना विचारत राहिले, आणि मग शाळा कुठे हवी ते ठरवले.